मंजुरीची रांग

ही गोष्ट खरी आहे. पटवून द्यायला मी बसलेलो नाही, ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या, म्हणजे ताईच्या बाबतीत घडलं आणि तिला खोटं बोलता येत नाही. दातांच्या दवाखान्यात कामाला आहे, पण "अजिबात दुखणार नाही" एवढंसुद्धा तिला पेशंटला सांगता येत नाही.

गेल्या वर्षी, फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार. दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटं.

हो, दुपारचे. बाहेर लख्ख ऊन होतं.

जागा, तिसऱ्या मजल्यावरच्या घरातली आतली खोली. दादाची.

दादा म्हणजे ताईचा थोरला भाऊ. त्या मंगळवारच्या आठ महिने आधी गेला. हार्ट अटॅक, त्याच खोलीत, कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत.

मागे ठेवली ती एक साइट. एका जुन्या व्हिडिओ गेमची. खाणीत उतरायचं आणि बोगद्यांतून वाट काढत तळ गाठायचा, असा तो गेम. कंपनीने तो केव्हाच वाऱ्यावर सोडला होता, पण खेळणारे सोडायला तयार नव्हते. कुठल्या बोगद्यात कुठे वळायचं हे फक्त दादाच्या साइटवर कळायचं. प्रत्येक बोगद्याचं एक पान. बारा वर्षं त्याने ती पानं एकट्याने लिहिली.

एकट्याने, कारण तो कोणाला हात लावू द्यायचा नाही. मदत करतो म्हणून लोक मागे लागायचे. दादाने त्यांच्यासाठी परीक्षा ठेवली होती. एक पान पाठवायचा. "यात दहा चुका आहेत. सगळ्या शोधा आणि स्वयंसेवक व्हा." बारा वर्षांत एकही जण पास झाला नाही.

तो गेल्यावर ताईला उत्तरांचा कागद सापडला.

चुका नऊच होत्या.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रडता रडता तिने त्याला शिव्या घातल्या आणि त्याच आठवड्यात परीक्षा बंद केली. ज्याला यायचं त्याने यावं. नियम एकच, नवा माणूस जे लिहील ते आधी मंजुरीच्या रांगेत थांबणार. जुन्या कोणीतरी तपासून 'मंजूर' दाबलं की मगच ते साइटवर दिसणार.

सात महिन्यांत तेवीस स्वयंसेवक झाले. एक नर्स, एक बसड्रायव्हर, छापखान्यातून रिटायर झालेले एक मुद्रितशोधक काका. काकांना सगळे कानामात्रा म्हणायचे. साइटवर येणारे तिप्पट झाले.

आणि मग तो मंगळवार आला.

दवाखाना दोन ते पाच बंद असतो. ताई जेवून हॉलमध्ये आडवी झाली होती. मावशी शेजारीच पेपर वाचत होती. तेवढ्यात आतून आवाज आला...

खट. खट. खट खट.

दादाचा कीबोर्ड. जुना, जाड, जिन्यापर्यंत ऐकू जायचा.

"आई, आत कोण आहे?"

"कोण असणार? आपण दोघीच तर आहोत."

ताईने दार उघडलं. आवाज थांबला.

खोलीत कोणी नव्हतं. कॉम्प्युटर सुरू होता. खुर्ची जरा मागे सरकली होती, आत्ताच कोणीतरी उठल्यासारखी...

पाच मिनिटांत कानामात्रांचा फोन आला.

"ताई, एकशे चाळिसाव्या पानावर 'डावीकडे वळा' आहे. उजवीकडे हवं. कालच वाचलं होतं मी, तेव्हा बरोबर होतं."

ताईने बदलांची नोंद उघडली. कुठलाही बदल केला की त्यासमोर करणाऱ्याचं नाव आपोआप येतं. या बदलासमोरचा रकाना...

कोरा होता.

दुसऱ्या दिवशी तीन चाळीसला पुन्हा खट खट. पुन्हा एक चूक. ती नर्सने ड्युटीवरून आल्या आल्या पकडली. तिसऱ्या दिवशीची बसड्रायव्हरने डेपोत बसून. रोज एक चूक व्हायची आणि रोज कोणीतरी शोधायचं.

नवव्या दिवशी ताई दादाच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"नऊ झाल्या, दादा. नऊच्या नऊ माझ्या माणसांनी शोधल्या. आता दहावी असेल तर दाखव!"

"अगं, कोणाशी बोलतेस?" मावशीने विचारलं.

"तुझ्या लाडक्याशी."

दहाव्या दिवशी तीन चाळीस झाले. आवाज आला नाही.

काहीच आवाज येत नव्हता. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता, पण त्याचाही नाही...

फोन वाजला. कानामात्रा.

"ताई, मला काढून टाकलंत का हो? काही चुकलं का माझं?"

ताईने स्वयंसेवकांची यादी उघडली. तेवीसच्या तेवीस नावं गेली होती. तिचं स्वतःचंसुद्धा.

एकच उरलं होतं.

दादाचं.

भीती वाटली नाही का? वाटली. पण त्याहून जास्त राग आला. लोक आपले जेवणाचे डबे बाजूला ठेवून साइटसाठी वेळ काढत होते. त्यांना असं हाकलून दिलं तर ते परत येणार नव्हते, आणि ते गेले की साइट संपली. ती तडक आत गेली आणि त्याच खुर्चीत बसली.

बैठक कोमट होती.

कॉम्प्युटर दादाच्याच नावाने उघडा होता. फोन स्पीकरवर ठेवून तिने नावं घालायला सुरुवात केली. नर्स. बसड्रायव्हर. कानामात्रा. चौथं टाइप करेपर्यंत पहिलं गेलं. ते पुन्हा घातलं, तर दुसरं गेलं.

"ताई, मी परत गेलो."

"परत घालते, काका. फोन ठेवू नका."

तास झाला. बोटं दुखायला लागली. मानेवर गार श्वास लागत होता... ती वळली नाही.

"बारा वर्षं कोणाला येऊ दिलं नाहीस," ती स्क्रीनकडे बघत म्हणाली. "मेलास तेही दार लावून. बाहेर आम्ही टीव्ही बघत होतो, दादा! आम्हाला कळायला संध्याकाळ झाली. साइटचं तसं होऊ देणार नाही मी. काढ किती नावं काढायची ती. मी घालत राहीन."

मग तिने त्याच्याच नावाला हात घातला. सगळ्यात वरून उचललं आणि सगळ्यात खाली टाकलं. समोर 'प्रमुख' लिहिलेलं होतं, ते खोडून लिहिलं, 'नवीन'.

"उभा राहा रांगेत. सगळे राहतात."

पंख्याचा आवाज परत आला.

नावं जागेवर राहिली.

दुसऱ्या दिवशी तीन चाळीसला मंजुरीच्या रांगेत एक बदल येऊन थांबला. करणाऱ्याचा रकाना कोरा. दादाने अर्धवट सोडलेलं एक पान पूर्ण केलेलं होतं, अगदी बिनचूक. शेवटी त्याची नेहमीची ओळ, "सांभाळून उतरा." ताईने तो बदल मुद्दाम एक दिवस लटकवून ठेवला आणि मग मंजूर केला.

तेव्हापासून रोज एक येतो. तेवीसचे एकसष्ट स्वयंसेवक झालेत. जिवंतपणी हा इतका शहाण्यासारखा कधी वागला नाही, असं ताई म्हणते आणि हसते.

परवा मी गेलो तेव्हा मात्र ती हसत नव्हती. लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

रांगेत दोन बदल होते. दोन्ही तीन चाळीसचे. दोन्ही रकाने कोरे.

पहिल्याच्या शेवटी "सांभाळून उतरा" होतं. दुसऱ्याच्या शेवटी काहीच नव्हतं...

"हा कोण?" मी विचारलं.

"माहीत नाही. दादाने आणला असेल."

"उडवून टाक ना मग!"

"का उडवू? आयुष्यात पहिल्यांदा त्याने कोणाला तरी मदतीला घेतलंय." तिने लॅपटॉप पुन्हा स्वतःकडे वळवला. "तपासते. नवीन आहे, वेळ लागणारच."

आतल्या खोलीत कीबोर्ड वाजायला लागला. इतक्या भरभर की ते दोन हातांचं काम नव्हतं.

मी चपला घातल्या. ताई उठली नाही. तो दुसरा बदल अजून रांगेतच आहे.