वैशाखातली ओल

पोट्टेहो, जेवणं झाली ना साऱ्याइची? मंग सांगतो. जेवणाच्या आधी सांगितलं तं ताट तसंच राहील, अन् तुमच्या माया मले शिव्या देतील.

माह्यासंगं कापसाच्या जिनिंगात डोमाजी होता. २००६ साली कापूसच येईना. जिनिंग बंद पडली, त्याचं क्वार्टर गेलं. पांढरकवड्यात एका खोलीचं घर भाड्यानं घेतलं त्यानं. पोरगी दीपा बाळंतपणाले येणार होती, म्हणून थो चुना आणायले निघाला. मी बी गेलतो संगं. दोघाइनं मिळून भिंती पांढऱ्याशुभ्र केल्या.

लेकरू झालं. काही दिवसांनी पाळण्यामागच्या भिंतीवर डाग उमटला, ताटलीएवढा. डोमाजी म्हणे, "ओल हाय."

म्या पाहिलं. अरे, ओल जमिनीतून वर चढते, नाही तं छतातून खाली उतरते. वाळली का कडेले पांढरा खार सोडते, पोपडे निघतात. हा डाग भिंतीच्या मधातच. बसल्या माणसाचं डोस्कं टेकते ना, तेवढ्या उंचीवर. अन् भर उन्हाळ्यात ओला! बोट लावलं. चिकट. कोमट. वास घेतला तं... शी! वर्षभर न धुतलेल्या डोस्क्याचं खवट तेल. साबणानं हात घासघासून धुतला, तरी जेवताना वास येच.

डोमाजीची बायको नलू म्हणे, "येथं कोनी तरी टेकून बसते. लेकराच्या उशाशी. मले भेव लागते, आपण घर सोडू."

"आपण भूतखेत मानतो काय?" डोमाजी भडकला. "विहारात मीच लोकाइले सांगतो, अन् मीच पळू? ओल हाय. चुना मारतो."

रोज चुना मारे. सकाळी डाग हजर.

मंग आली बुद्धपौर्णिमेची रात्र. बाळंतिणीले सव्वा महिना झालता, तं मायलेकी विहारात गेल्या. लेकरू निजलेलं. डोमाजी दारात बसला. लोडशेडिंगनं लाइट गेली.

काय रे अश्वजित, भिंत सोडून कायले सरकून राह्यला? बस तेथंच.

अंधारात आवाज आला. चप्प... चिकटलेलं काही सुटते तसा.

मंग... पाळणा कुरकुरला.

वारा नव्हता.

"कोन हाय?"

डोमाजीनं टॉर्च लावला. भिंत कोरडी. पांढरी. डाग नाही... कोठंच नाही.

पाळणा झुलूनच राह्यलता.

डोमाजीनं लेकरू उचललं अन् अनवाणी विहाराकडे पळाला. तेथं जनरेटरचा उजेड होता. लेकरू हासून राह्यलतं, अंगावर ओरखडाबी नाही. दीपानं त्याचं टोपडं काढलं.

आतून तेलानं थबथबलेलं. कोमट. लेकराचं जावळ काळंभोर, नखाएवढं. अन् टोपड्यात चिकटले होते पांढरे केस... हातभर लांब.