तिसरी ओळ

सरकी-ढेपेचं दुकान चालवणाऱ्या माणसाला लिनक्स कशाला हवं, हे सिंदी रेल्वेतल्या सगळ्यांनी धीरजला विचारून झालं होतं. उत्तर सोपं होतं. ते फुकट होतं. नागपूरहून परतताना तो स्टेशनवरच्या स्टॉलवर कॉम्प्युटरचं मासिक घ्यायचा, त्यासोबत एक सीडी यायची, आणि तिच्यातली लिनक्सची नवी सिस्टीम घरच्या कॉम्प्युटरवर चढवल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. हार्डडिस्कचे तुकडे पाडायचे, एकेका तुकड्यावर वेगळी सिस्टीम बसवायची. कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर यादी येई. बाणाच्या बटणाने हवी ती ओळ निवडायची. एका वेळी एकच चाले. दुसरी हवी असेल तर पहिली बंद करावी लागे.

२००५ च्या उन्हाळ्यात त्या यादीत दोन ओळी होत्या. पहिली वडिलांची, मधुकररावांची: मोठी अक्षरं आणि पत्त्यांचा खेळ. दुसरी धाकट्या भावाची, प्रफुलची. ती गाण्यांनी ठासून भरलेली. एकाच सिस्टीमवर दोघांची सोय झाली असती, पण मग त्यात धीरजची हौस कुठे भागणार? ओळींना त्याने त्यांचीच नावं दिली होती. स्वतःच्या नावाची त्याने ठेवली नव्हती. जी चालू असेल तिच्यात तो आपलं काम उरकायचा.

ते दोघंही आता नव्हते. फेब्रुवारीत प्रफुलसाठी मुलगी पाहायला रोहण्याला जायचं होतं आणि व्हॅन धीरज चालवणार होता. ऐन निघायच्या वेळी प्रफुलच्या सिस्टीमची नवी आवृत्ती डिस्कवर चढत होती. "अर्ध्यात सोडलं त सगळं जाते," धीरज पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "तुम्ही दोघं मोटारसायकलवर व्हा पुढं. मी येतो मांगून." आर्वी रोडवर ट्रकने दोघांनाही जागीच संपवलं. सिस्टीम मात्र व्यवस्थित चढली.

आई, शकुंतलाबाई, त्याला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या, शिव्या घातल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. त्याऐवजी तो त्यांचं प्रत्येक मागणं झेलत राहिला. आईने पाणी मागितलं तरी हातातलं काम टाकून उठायचा. बायको हर्षा ते पाहायची.

मे महिन्यात पोत्यांवरची लेबलं छापायला त्याने वडिलांची ओळ निवडली. ती चालू झाली, आणि मधल्या खोलीतून वडिलांच्या अडकित्त्याचा आवाज आला. कट्. थोडं थांबून पुन्हा कट्. पंखा अडकत असेल म्हणून त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडला. जिनिंगचा कापूस गावभर उडतो, तसा तो पंख्यातही बसला होता. त्याने तो साफ केला. आवाज तसाच राहिला. मधल्या खोलीत कोणीच नव्हतं. पण पलंगाच्या पट्ट्या मधोमध दबलेल्या होत्या, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्या हळूहळू वर आल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने प्रफुलची ओळ लावली. अडकित्ता ऐकू आला नाही. त्याऐवजी न्हाणीकडून ओल्या चपला चिकचिकत आल्या आणि घरात प्रफुलच्या केसांच्या तेलाचा वास पसरला. कॉम्प्युटर बंद केल्यावर दोन्ही गेलं. धीरजने हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं, वायरीत करंट आहे का हे तपासावं तसं. दरवेळी तेच झालं. त्याने कोणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं तर रोहण्यापासून सुरुवात करावी लागली असती.

एके सकाळी शकुंतलाबाई निवडायची मेथी घेऊन मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी बसल्या. "आज प्रफुलले लाव," त्या म्हणाल्या.

धीरजने वळून पाहिलं. "तुले ऐकू येते?"

"माह्याच घरातलं मले काऊन नाई येणार?"

त्या दिवसापासून तो लावत गेला. आज वडिलांना, उद्या भावाला. आई उंबऱ्यावर बसून आतल्या अंधाराशी बोलायची, मध्येच हसायची. ते हसू ऐकलं की धीरजला रडू यायचं. आपण हिचं जे घेतलं त्यातलं थोडं परत देतोय, असं त्याला वाटायचं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटायची.

जूनमध्ये आई म्हणाली, "सूनबाईचंबी एक करून दे. त्या दोघाईचं हाय, तिचं काऊन नाई?"

हर्षाला रांगोळीची चित्रं काढायची हौस होती. तिला तर आनंदच झाला. धीरजलाही बरं वाटलं. या घरात आईने किती दिवसांनी जिवंत माणसासाठी काही मागितलं होतं. एका रविवारी त्याने डिस्कवर आणखी एक तुकडा पाडला, सिस्टीम बसवली आणि यादीत तिसरी ओळ लिहिली. हर्षा. दुपारभर ती तिच्यावर कमळं काढत बसली. उन्हं उतरल्यावर स्वयंपाकाला उठली.

आई येऊन त्याच्या मागे उभी राहिली. "तुह्या बाबाले लाव ना आता."

"बंद करून राह्यले काय जी?" हर्षाने स्वयंपाकघरातून विचारलं. "माह्यं कमळ अर्धंच हाय."

"जतन केलं ना?"

"केलं." पोळपाटावर लाटणं फिरत होतं. बांगड्या वाजत होत्या.

त्याने तिची सिस्टीम बंद केली. काळा पडदा. यादी. पहिली ओळ.

लाटणं थांबलं.

मधल्या खोलीत अडकित्ता वाजला.

"हर्षा?"

करपल्याचा वास आला. तो धावत गेला. तव्यावरची पोळी काळी पडत होती. पोळपाटावर अर्धी लाटलेली, तिच्यावर लाटणं. मागच्या दाराला आतून कडी होती.

तो पळत परत आला. शकुंतलाबाई कॉम्प्युटरपुढे बसल्या होत्या, दोन्ही तळहात बटणांवर पसरून.

"आई, हात काढ."

"थांब ना रे. आज त्याईचा आवाज किती साफ येऊन राह्यला."

"आई, हर्षा—"

"तिले उद्या लावजो."

आईने वर पाहिलं. तिचा चेहरा शांत होता, सुखी होता. धीरज स्वयंपाकघरात परत गेला.

त्याने गॅस बंद केला. तीन ताटं घेतली. आईचं, स्वतःचं, आणि एक मधल्या खोलीसाठी.

हर्षाने केलेल्या पोळ्या तिघांना पुरल्या.