काचेमागची हवा

फ्रेमचं दुकान टाकताय ना, भिया? मग आधी सांगा, विश्वास कुणावर ठेवाल? गिऱ्हाइकाच्या जिभेवर की आपल्या डोळ्यांवर? मनावर गावच्या एका गिऱ्हाइकानं मला कॅलेंडरचं पान हातानं काढलेलं चित्र म्हणून दाखवलं. मी बोट फिरवलं, म्हटलं, "शेठ, डोंगर आहेत, पण रंगाचा थर कुठंय?" तेव्हापासून माझा भरवसा डोळ्यांवर. बापूसाहेबांचं चित्र येईपर्यंत.

त्यांच्या आजोबांनी रंगवलेलं. बर्फाचे सुळके, मागून फुटणारा सोनेरी उजेड, दरीत धुकं, रिकामी पायवाट. जवळचा डोंगर काळा, पलीकडचा निळा, शेवटचा तर नुसती वाफ. बापूसाहेब रोज त्याच्यासमोर बसत. चौकट बदलायला त्यांची सून मधुवंती ते घेऊन धारच्या माझ्या दुकानी आली.

"काका, काच पण लावून द्या. धूळ भोत बसते."

"तैलचित्राला काच लावत नाहीत, सूनबाई. त्याला हवा लागते."

"देवाच्या फोटोला चालते ना?"

मी हसलो, काच लावली, मागून कागद चिकटवून पक्कं बंद केलं.

त्याच आठवड्यात, दिवेलागणीला तिचा फोन. "काका, लवकर या. मामंजींचा श्वास अडकतोय. डॉक्टर म्हणतात छाती साफ आहे. ते नुसतं चित्राकडे बोट दाखवतायत..."

वैशाखातला उकाडा. खोलीत कापराचा वास. काचेवर धुकं धरलेलं, आतून. मी मोबाईलचा उजेड टाकला. तो घाटातल्या धुक्यात शिरावा तसा आत आत गेला... आणि पायवाटेवर कुणी बसलेलं दिसलं. खांद्यावर शाल. पाठ वाकलेली.

"सूनबाई... हा कोण?"

"मामंजी... असेच बसतात," ती कुजबुजली.

मी कागद फाडला, खिळे उपसले, काच उचलली. मनगटावर गार वारा आला, ओल्या लाकडाचा वास आला. दूर कुठेतरी दगड घसरले, कुणीतरी उतरत असल्यासारखे.

मागे बापूसाहेबांनी लांब श्वास ओढला. ओठांवर रंग परतला.

"चहा टाक गं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "काय हो, दार लावून घेतलंत? मी आत होतो ना!"

आता ठणठणीत आहेत. सकाळी फिरतात, भाजीवाल्याशी भांडतात. पायवाटेवरचा बसलेला माणूसही गेला. पण वर, उजेड फुटतो तिथं, दुसरा एक उभा आहे. पाठमोरा, तांदळाएवढा.

"तो माझ्या आधीपासून आहे," बापूसाहेब म्हणतात. "उजेड दिसत राहिला तर उतरेल खाली." ते रोज संध्याकाळी चित्रापुढे समई लावतात.

परवा मी गेलो होतो. त्यानं तोंड इकडे वळवलंय.

म्हणून सांगतो, भिया. चित्र घेताना त्यात माणसं किती, परत देताना किती, हा हिशेब तेवढा खरा ठेवा.