अठरा तारखेचं पाणी

ही गोष्ट लोरेन उरिझांनी आम्हाला गेल्या ऑक्टोबरात सांगितली, नेवाडाच्या उत्तरेकडच्या डोंगरात, शेकोटीपाशी. पायवाटेच्या खुणा दुरुस्त करायला आम्ही पाच जण वर गेलो होतो आणि लोरेन आमचं सामान खेचरांवर लादून घेऊन आले होते. जेवण झाल्यावर आमच्यातल्या एकाने भांडं जरा सढळ हाताने विसळलं. लोरेननी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग ते बोलायला लागले ते असे :

सहा वर्षं झाली. ऑक्टोबरची दोन तारीख होती, बुधवार. नोला ट्रास्कला वर पाणी ठेवायचं होतं, म्हणून मी तिला माझ्या ट्रकमधून घेऊन गेलो. नोला म्हणजे वाचनालयाची फिरती गाडी चालवायची ती. निवृत्त झाल्यापासून दर शरद ऋतूत ही डोंगररांग उत्तरेकडून दक्षिणेकडे एकटी चालायची. नऊ दिवस. वाटेत तीन ठिकाणी पाणी ठेवायची. मधली ठेव या वरच्या खिंडीत, जुनिपरच्या झाडाखाली. गॅलनचे चार कॅन खड्ड्यात ठेवले, वर दगड रचले. प्रत्येक कॅनवर तिने मार्करने लिहिलं : नोला ट्रास्क, १८ ऑक्टोबर.

दुसऱ्याच्या ठेवीला हात लावायचा नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. जीवच जायची वेळ आली तर लागेल तेवढंच घ्यायचं, चिठ्ठी ठेवायची आणि मालकाच्या तारखेच्या आत भरून द्यायचं. हे कुठे लिहिलेलं नाही. इथल्या माणसाला ते लिहून द्यावं लागत नाही.

आता क्विंटन पेल. हा किनाऱ्याकडून आलेला. रानात स्वतःच्या बळावर कसं जगायचं, हे तो इंटरनेटवर लोकांना शिकवायचा. कमरेला हातभर सुरा, शर्टाला इतके खिसे की रुमाल शोधायला त्याला दहा मिनिटं लागायची. फोटो काढायला आणि ओझं वाहायला त्याने माझ्या मेहुण्याला बरोबर घेतलं. ड्वेन ओचोआ. खाणीवर ट्रक चालवतो, बोलायला कमी. पुढचं मला ड्वेननेच सांगितलं, आणि ड्वेनला रचून सांगता येत नाही. तेवढं डोकंच नाही त्याला.

सतरा तारखेला संध्याकाळी ते दोघं खिंडीत पोचले. पेलच्या नकाशावर तिथे झरा होता. ऑक्टोबरात तो कोरडा असतो, हे ड्वेनने त्याला सकाळीच सांगितलं होतं. त्यावर पेलने ड्वेनला डोंगरात पाणी कसं मुरतं ते समजावलं. ड्वेनचा जन्म इथला. असो. झरा कोरडा निघाला. त्यांच्याकडे दोन बाटल्या शिल्लक होत्या आणि ट्रक पाच मैल खाली. म्हणजे जीव काही जात नव्हता. पण स्वारीला सूर्योदयाचा फोटो हवा होता.

मग त्याला ते रचलेले दगड दिसले.

ड्वेनने नाव दाखवलं, तारीख दाखवली. पेल म्हणाला, "एक म्हातारी चार गॅलन पिणार आहे का? तिच्याकडे जास्तीचं असेलच." त्याने सूप केलं, कॉफी केली, उद्यासाठी आपल्या बाटल्या भरल्या. मग बूट काढले आणि शेवटच्या कॅनच्या पाण्याने पाय धुतले. पाय! त्या खिंडीत! दगड इकडे तिकडे फेकून दिले आणि रिकामे कॅन खड्ड्यात ढकलले. ड्वेन गप्प बसला. वर त्याने ती कॉफी प्यायली. ते मी त्याला अजून माफ केलेलं नाही, आणि बायको म्हणते की आता पुरे करा.

दोघं आपापल्या तंबूत झोपले. थंडी कडक होती. चंद्र वर आला होता, वारा पडला होता.

ड्वेनला जाग आली ती कसल्या तरी आवाजाने. त्याने घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं. म्हणजे अठरा तारीख लागली होती.

उत्तरेच्या उतारावरून कुणीतरी येत होतं. सुट्ट्या दगडांवर पावलं. मध्ये मध्ये काठीचा ठोका. दोन पावलं, ठोका. दोन पावलं, ठोका. दमलेल्या माणसाची चाल. रात्री त्या उतारावर कुणी चालत नाही...

पावलं जुनिपरपाशी थांबली.

मग कॅनचा आवाज. रिकाम्या प्लॅस्टिकचा. एक उचलला... खाली ठेवला. दुसरा उचलला... ठेवला. तिसरा. चौथा.

मग काहीच नाही.

ड्वेन म्हणतो, ती शांतता सगळ्यात वाईट होती. कुणीतरी तिथे उभं राहून विचार करत होतं.

मग दगडांचे आवाज. एकावर एक. सावकाश.

मग पावलं पेलच्या तंबूकडे आली.

ड्वेनने आपल्या तंबूची चेन बोटभर उघडली. पेलच्या तंबूवर चांदणं लख्ख पडलेलं. पावलं त्या तंबूला फेरी घालत होती. दोन पावलं, ठोका... ऐकू येत होतं. कापडावर सावली नव्हती.

आतून पेल म्हणाला, "कोण आहे?"

...

"ड्वेन... तू आहेस का रे?"

ड्वेनने उत्तर दिलं नाही. त्या वेळी मीही दिलं नसतं.

सकाळी सगळीकडे दंव पडलेलं. त्यावर पाऊल नाही, काठीची खूण नाही. पण खड्ड्यावर दगड नीट रचलेले होते. नोला रचायची तसे, मोठे खाली, चपटे वर. पेलने ते पाहिलं आणि ड्वेनला म्हणाला की असले गावठी विनोद मला आवडत नाहीत.

खाली ट्रकपाशी आल्यावर ड्वेनने हात जोडायचे बाकी ठेवले. आज अठरा आहे, ती संध्याकाळी पोचेल, चला, पाणी घेऊन परत वर जाऊ. पेलच्या टाचेला फोड आला होता म्हणे. शिवाय गावात गेल्याशिवाय फोटो पाठवता येणार नव्हते. तो मोटेलवर जाऊन झोपला. ड्वेन माझ्याकडे आला आणि दारातच उभं राहून त्याने सगळं ओकून टाकलं. शिव्या मी नंतर दिल्या. आधी कॅन भरले.

चार वाजता आम्ही खिंडीत होतो, आठ गॅलन घेऊन. मी फांदीला कंदील टांगला. रात्रभर वाट पाहिली. कुणी आलं नाही.

एकोणीसला उजाडताच आम्ही उत्तरेकडे निघालो. बारा मैलांवर ती सापडली. उतारावरून घसरली होती, डोकं दगडावर आपटलं होतं. पिशवीत पाण्याची बाटली होती, भरलेली. शेरीफच्या माणसाने तिची वही वाचली, तिला तपासलं आणि सांगितलं की सोळा तारखेला गेली. संध्याकाळच्या आत.

सोळा. पेलने पाणी काढलं ते सतराला.

विसाव्या तारखेला रात्री मी पेलला गाठलं. मोटेलच्या शेजारच्या खाणावळीत बसला होता. सगळं सांगितलं. मला वाटलं, निदान हातातला काटा तरी खाली ठेवेल. तो बोटांवर तारखा मोजत होता.

"म्हणजे माझ्यामुळे नाही," तो म्हणाला. चेहरा उजळला हो त्याचा. "ती आधीच गेली होती. त्या पाण्याचा तसाही काही उपयोग नव्हता."

मी म्हटलं, "पाणी परत नेऊन ठेवायचं काम तुझं होतं."

"कुणासाठी?" असं म्हणून त्याने अ‍ॅपल पाय मागवला. वर आइस्क्रीमसुद्धा.

आयुष्यात मी बरीच हलकी माणसं पाहिली. मेंढ्या चोरणारे पाहिले, विहिरीत मेलेलं कुत्रं टाकणारे पाहिले. त्यांना निदान तोंड लपवायची अक्कल होती.

त्या रात्री बर्फ पडला. पहाटे सहाला मोटेलच्या मालकिणीचा मला फोन आला. लवकर या म्हणाली, तुमचा तो पाहुणा बघा.

पेल आपल्या खोलीच्या दारात उभा होता. मोज्यांवर. ओठ फुटलेले, तोंडाला कोरड. दारापुढच्या बर्फावर माझ्या आणि मालकिणीच्या पावलांशिवाय एक पाऊल नाही. मी विचारलं, काय झालं.  तो मला ढकलून आपल्या ट्रककडे पळाला आणि तसाच निघून गेला. सामान टाकून, बिनबुटांचा. हल्ली परत लिहितो म्हणे, रानाने आपल्याला काय काय शिकवलं ते. लिहू दे.

मी आत गेलो.

टब भरलेला होता. बेसिन भरलेलं. कॉफीचं भांडं, काचेचे दोन्ही पेले, त्याच्या सगळ्या बाटल्या. पलंगाखाली त्याचे बूट होते, तेही भरलेले. घोट्यापर्यंत. गालिचावर एक थेंब सांडलेला नव्हता.

मालकीण उंबऱ्यातच उभी होती. मी तिला म्हटलं, याने रात्रभर नळ सोडून ठेवला असेल.

ती म्हणाली, "लोरेन... काल रात्री दहा वाजल्यापासून नळाला पाणीच नाही. पाइप गोठलेत."

मी नळ फिरवून पाहिला. कोरडा.

टेबलावर त्याच्या टूथपेस्टचं झाकण उलटं ठेवलेलं होतं. नखाएवढं. तेही भरलेलं होतं. काठोकाठ.