प्लॉट तेवीसमधलं तिसावं झाड

बसवनगुडीतल्या आमच्या ऑफिसात माझं काम साधं आहे. जंगलात झाडं मोजून भरलेल्या जुन्या वह्या वाचायच्या आणि सगळी माहिती कॉम्प्युटरवरच्या एकाच नमुन्यात बसवायची. कुणी घेर इंचांत लिहिलाय, कुणी सेंटीमीटरमध्ये. तेच झाड एका वहीत होन्ने, दुसरीत बिबळा. माणसं वीस-वीस वर्षं उन्हातान्हात मापं घेतात आणि ती कपाटात कसर लागून पडतात, याचा मला राग यायचा. म्हणून शनिवारी दुपारीसुद्धा मी बसले होते.

प्लॉट तेवीस आनेकलच्या बाजूला. सोमवारी त्याचा निर्णय होता. तीस मोठी झाडं भरली तर जंगल राखायचं, एक जरी कमी पडलं तर सगळं साफ करून नवी लागवड. वह्यांतून निघत होती एकोणतीस.

तिसावं होतं, पण त्याला ना नाव होतं ना नंबर. पाचही मोजण्यांत घेर तोच, चौऱ्याऐंशी सेंटीमीटर. बदलत होतं फक्त प्लॉटच्या मधल्या खुंटीपासूनचं अंतर. सोळा मीटर. पाच वर्षांनी बारा. मग आठ. मग चार. शेवटच्या वहीत शून्य.

"अण्णा, हे झाड चालतं की काय?" मी हसले.

समोर महांतेश अण्णा बसले होते. मूळचे खानापूरकडचे, आता निवृत्त. या प्लॉटमध्ये टेप धरायचं काम त्यांचंच. ते वही वाचत, मी टाइप करत होते. जंगलातली रीत त्यांनी इथेही सोडली नव्हती. एकानं माप सांगायचं, लिहिणाऱ्यानं ते मोठ्यानं परत म्हणायचं, मगच लिहायचं.

"चूक न्हाई, अक्का," ते म्हणाले. "टेप माझ्या हातात होती. लिवलंय दयानंदनं."

"मग नंबराची पट्टी का नाही ठोकली?"

"ठोकाय गेलो की. खिळा आत गेला… मऊ. हाताला ऊब लागली." त्यांनी पंजा शर्टाला पुसला. "आणि त्या झाडाचं माप सांगितलं, की दयानंदच्या आधी कोणतरी परत म्हणायचं. मी त्याला म्हणायचो, चेष्टा करू नको. तो मला म्हणायचा."

"दयानंद आता कुठे असतात?"

"खुंटीपाशी उभा राहून लिवायचा तो. शेवटच्या मोजणीला मी टेप गुंडाळून वळलो, तर वही खुंटीवर… तो न्हाई. अजून सापडला न्हाई." त्यांनी वही मिटली. "एकोणतीसच लिवा. सोडा ते."

"एकोणतीस लिहिली तर ती एकोणतीसही जातील, अण्णा."

"सरी, तुमची मर्जी," म्हणून ते उठले. कोपऱ्यावरून कॉफी आणतो म्हणाले.

बाहेर लख्ख ऊन होतं. फुलवालीचा आवाज येत होता. नमुना नावाशिवाय ओळ घेत नाही, म्हणून मी झाडांच्या यादीतलं एक नाव दिलं. हे खरं नव्हतं, पण झाड तर खरं होतं. शेवटच्या वहीत खुंटीचं ठिकाण लिहिलेलं नव्हतं. तो रकाना रिकामा राहिला की नमुना आपोआप आमच्या ऑफिसचं ठिकाण भरतो. नंतर दुरुस्त करू म्हणून मी पुढे गेले आणि सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "घेर चौऱ्याऐंशी."

"चौऱ्याऐंशी," मागून हळूच आलं.

मी लिहिलं. ओल्या सालीचा वास आला, जरासा गोड. "अण्णा, माझी कॉफी?" म्हणत वळले तर मागे नुसती भिंत. अण्णा दोन मिनिटांनी फाटकातून आत येताना दिसले, दोन्ही हातांत कप सांभाळत.

सोमवारी प्लॉट तेवीस राखायचं ठरलं. मला इतका आनंद झाला, की तो आवाज मी मनातून काढून टाकला.

पंधरा दिवसांनी अण्णा आनेकलहून आले. "जाऊन बघून आलो. एकोणतीस हायत. तिसाव्याचा बुंधा न्हाई, खड्डा पण न्हाई."

मग ते खिडकीशी थबकले. आमच्या फाटकाजवळ एक झाड आहे. ऑफिसातले म्हणतात, पहिल्यापासून आहे. मला ते आठवत नाही. अण्णा बाहेर जाऊन बुंध्याला टेप लावून आले. घेर त्यांनी सांगितला नाही, मीही विचारला नाही. माझ्या खुर्चीपासून अंतर मात्र आम्ही दोघांनी मोजलं. सोळा मीटर.

"खोडा ती ओळ. आजच."

ओळ खोडली की जंगल गेलं. मी फक्त खुंटीचं ठिकाण दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली, तर तिथे पुन्हा आमच्याच ऑफिसचं ठिकाण.

काल अण्णा परत आले. झाड आता स्कूटर लावायच्या जागेत आहे आणि सगळे त्याला वळसा घालून गाड्या लावतात. अण्णांनी टेपचं टोक बुंध्याला धरलं, मी खिडकीतून आत ओढून घेत खुर्चीशी आकडा वाचला.

"बारा."

अण्णा तिकडे ओठ मिटून उभे होते.

"बारा," माझ्या मागून कुणीतरी म्हटलं, स्वच्छ, लिहून घेणाऱ्या माणसाच्या आवाजात.

अण्णांच्या हातून टेप सुटली.

"दयानंद…?" ते म्हणाले.