जरा उन्हात सरक

त्या सकाळी झ्लातिना टेकडी चढली ती हातात किल्ल्यांचा जुडगा आणि कोटाच्या खिशात लाल लोकरीचं रीळ घेऊन. मार्च लागला की सगळं प्लोवदिव शहर मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधतं, आणि झ्लातिना ते दोरे दरवर्षी घरीच वळायची. म्हणून रीळ. मनात पाप घेऊनच ती निघाली होती असं कुणी म्हणेल, तर मी ऐकून घेणार नाही. पाप तिला वर गेल्यावर भेटलं.

टेकडीवरचं तोशेव्हांचं जुनं घर ती एकोणीस वर्षं गावात येणाऱ्या पाहुण्यांना दाखवत होती. छतावरचा कोरीव लाकडी सूर्य, भिंतींवर रंगवलेली गलबतं, रस्त्यावर झुकलेला सज्जा, सगळं तिला तोंडपाठ. तोशेव्हांपैकी कुणी उरलं नव्हतं, तेव्हा घर आपलंच असं ती मनोमन धरून चालली होती. आणि गेल्या वर्षी ती नेवेना आली. पंचविशीची पोर, पिवळी छत्री उंच धरून पाहुण्यांच्या पुढे चालायची. लोक फाटकातच विचारू लागले, "नेवेना आहे का?" नसली तर अंगणात थांबायचे. थांबायचे हो! झ्लातिना समोर उभी असताना!

आज फाटकावर कागद लावलेला होता. एप्रिलपासून हे घर नेवेना दाखवेल. झ्लातिनाने खालच्या संग्रहालयात दारावर तिकिटं तपासावीत.

आत दिवाणखान्याची एक भिंत नव्याने बांधायचं काम चाललं होतं. म्हातारा गेंचो गवंडी ओला चुना थापत होता.

"वाचलंस?" त्याने मान न वळवता विचारलं.

"वाचलं."

"पोरगी गोड बोलते, ताई. लोकांना तेच लागतं."

"आणि मी काय, एरंडेल पाजते?"

गेंचो हसला. झ्लातिना मात्र त्या ओल्या भिंतीकडे बघत राहिली. याच दिवाणखान्यात ती रोज पाहुण्यांना एक जुनी गोष्ट सांगायची. पूर्वीचे गवंडी वाटेने जाणाऱ्या माणसाची सावली दोऱ्याने मोजायचे, तो दोरा भिंतीत चिणायचे, आणि चाळीस दिवसांत तो माणूस मरायचा. इथे पाहुण्यांचा श्वास अडकायचा, म्हणून झ्लातिना इथेच थांबायची. गोष्टीला पुढे एक शेपूट होतं, पण ते तिने कधीच छाटून टाकलं होतं, आता तिला ते आठवतही नव्हतं.

अंगणात नेवेना उभी होती. तिचा चेहरा पडला होता.

"ताई, रागावलीस? मी मागितलं नव्हतं गं..."

हेच तर झोंबलं. हिला न मागता मिळालं.

"छे गं, वेडी का काय! तुझ्या मापाचा मार्चचा दोरा करते. सूर्याकडे तोंड करून उभी राहा. हां... जरा उन्हात सरक."

नेवेनाची लांबलचक सावली फरसबंदीवर पडली. झ्लातिना तिच्या मागे वाकली, दोऱ्याचं टोक टाचेला लावलं आणि सावलीच्या डोक्यापर्यंत रीळ सोडत गेली.

"टाचेला गुदगुल्या होतायत, ताई! एवढा लांब दोरा कशाला?"

"झालंच."

तिने दोरा दातांनी तोडला. गेंचो बिडी ओढायला बाहेर गेला, तेव्हा तिने तो ओल्या चुन्यात खुपसला. बोटाने ढकलायलाही लागलं नाही. आतून कुणी ओढून घ्यावा तसा तो सरसर आत गेला...

त्याच आठवड्यात नेवेनाला खोकला लागला, तो मार्चभर थांबला नाही. अडतिसाव्या दिवशी ती गेली.

इकडच्या रिवाजाप्रमाणे तिचा फोटो छापलेला निधनवार्तेचा कागद याच घराच्या फाटकावर चिकटवला गेला. झ्लातिना रडली, खोटं कशाला बोला. पण येणारा प्रत्येक जण फोटोपाशी थांबून म्हणायचा, "किती गोड चेहरा!" आणि तिचा पुन्हा जळफळाट व्हायचा. मेली तरी दारात हीच!

घर मात्र परत मिळालं. पहिल्या दिवशी वीस-एक पाहुणे आले. झ्लातिना छतावरच्या सूर्याखाली उभी राहिली, हात उंचावला, आणि पाहते तो काय, सगळे तिच्याकडे पाठ करून नव्या भिंतीसमोर जमलेले. भिंत वाळून महिना झाला होता, तरी खोलीत ओल्या चुन्याचा वास भरला होता. पाहुणे माना डोलावत होते. मग एकदम हसले. नेवेना जिथे हसवायची, अगदी त्याच जागी. झ्लातिनाने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"इकडे... इकडे या ना," ती कशीबशी म्हणाली.

एक म्हातारे गृहस्थ वळले आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "श्श... ऐकू द्या की."

ती धावतच अंगणात फरसबंदी दुरुस्त करणाऱ्या गेंचोकडे गेली. "गेंचो, सावली मोजलेल्या माणसाचं पुढे काय होतं?"

"एकोणीस वर्षं तू सांगतेस आणि मला विचारतेस? मरतो, आणि त्या घराचा राखणदार होतो. घर त्याचं. कायमचं."

झ्लातिना पायरीवर बसली. आपल्या हातांनी दिलं. कागदावर नुसतं एप्रिलपासून होतं, आपण कायमचं दिलं!

"माझी मोज," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"माझी सावली. त्याच भिंतीत घाल."

गेंचोने छातीवर क्रूसाची खूण केली. "असलं बोलू नये, ताई. आणि आता ती माझ्या हातातली गोष्ट नाही. घरात एक राखणदार असला की दुसऱ्याला त्याच्याच मर्जीने जागा मिळते."

ती परत आत आली. सज्ज्याच्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा जमिनीवर पडला होता. पाहुणे अजून भिंतीकडेच बघत होते. मग सगळे एकदम वळले आणि तिच्याकडे बघू लागले. वीसच्या वीस. तिच्याकडे असं कुणी एकोणीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"बाई," ते म्हातारे गृहस्थ अदबीने म्हणाले, "ती सांगतेय... जरा उन्हात सरका."

झ्लातिनाला कळलं. पाय म्हणत होते, पळ, टेकडी उतरून पळ. पण सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या, एकट्या तिच्यावर. तिने केस सारखे केले, कोट नीट केला आणि सूर्याकडे तोंड करून उन्हात जाऊन उभी राहिली.

मागे कुणी नव्हतं. तरी तिच्या टाचेला गुदगुल्या झाल्या.