अर्ध्यावर अडलेला वाल्व

ताई खासगी तपास करायची. तिचा धाकटा भाऊ गाडी चालवायचा आणि सगळं उशिरा समजून घ्यायचा. दोघंही आताशा दमलेलेच असत.

आलेली बाई बसायलाही तयार नव्हती.

"माझा भाऊ गिरणीत उकळत्या पाण्यानं भाजला. पाइप फुटला तेव्हा वाल्ववर माझा नवरा होता. तो म्हणतो, चाक अर्ध्यावर अडलं. कंपनी म्हणते, घाबरून पळाला. उद्या पोलीस त्याला नेतील. मला एवढंच सांगा ताई, माझ्या भावाला सोडून तो पळाला का?"

गिरणी बंद होती. वाल्वला पोलिसांचं सील होतं, चाक अर्ध्यावरच.

"नवाकोरा वाल्व आहे," इंजिनिअर म्हणाले. "गिरणी एक क्षण न थांबवता बदलला. वाल्वच्या अलीकडे चालू पाइपला भोक पाडायचं, तिथून बूच घालून पाणी अडवायचं, दुसऱ्या पाइपनं फिरवायचं."

"भोकातून कापली गेलेली चकती?"

"ड्रिलला अडकून बाहेर येते. ती पाहिल्याशिवाय मी कामाला मान्यता देत नाही. ही बघा."

टेबलावरच्या कागदांवर ती वजन म्हणून ठेवली होती. किंचित वाकलेली, मधे छिद्र, दोन्ही बाजूंनी चकचकीत. अशी एक घरी असावी, असं ताईच्या भावाला वाटलं.

आवारात जुना वाल्व पडला होता, पाइपच्या तुकड्यासकट. भावानं आत हात घातला आणि खरचटून घेतला. बोटभर जाड क्षार साचला होता.

वाल्व बदलणारा ठेकेदार तिथंच भेटला. "ड्रिल मी स्वतः चालवलं. माझं यंत्र मी सख्ख्या भावालाही देत नाही. उगाच चोर सोडून संन्याशाला फाशी नको!"

बाईचा नवरा फाटकाजवळच्या बाकावर बसला होता. "अडलं हो. लोंबकळलो चाकाला," एवढंच तो बोलला.

ताईनं सगळ्यांना इंजिनिअरच्या खोलीत बोलावलं. नवरा मात्र आला नाही.

"हा पाइप आतून क्षारानं लिंपलेला," ताई थकल्या आवाजात म्हणाली. "मग त्यातून कापलेली चकती आतल्या बाजूनं चकचकीत कशी? ही नव्या पाइपची आहे. खरी चकती ड्रिलवरून निसटून पाण्यात पडली. ती काढायची तर गिरणी थांबवावी लागली असती. म्हणून शिल्लक तुकड्यातून दुसरी कापली. असं छिद्र पाडणारं यंत्र एकाचंच, आणि ते तो कुणाला देत नाही."

"वाटलं, जाईल वाहून कुठंतरी," ठेकेदार पुटपुटला.

"गेली ना. वाल्वपर्यंत."

पोलिसांसमोर वाल्व उघडला. फटीत चकती अडकली होती, एका बाजूनं क्षारानं माखलेली. बाई चकतीकडे बघून हुंदके देऊ लागली.

ताईचा भाऊ धावत फाटकाशी गेला. "सुटलात हो! ठेकेदारानं कबूल केलं."

नवऱ्यानं मान वर केली. "हिला पटलं का?"

"पटलं की! आत रडतेय. तुमच्यासमोर यायला तिला तोंड नाही उरलं. तुम्हीच जा."

"पहिल्या दिवसापासून हिला सांगत होतो मी," तो म्हणाला, आणि तिथंच बसून राहिला.